सुरंगीसाठी कुदळ

"थांबा. आधी ऐका, मग घाव घाला."

एवढं बोलून आमचे तारमास्तर उजव्या हाताचं मधलं बोट मुडपायचे आणि समोर जे काही असेल त्यावर बोटाच्या पेराने हलकेच ठोकायचे. मग मान जराशी कलती करून डोळे मिटायचे. समोर कुदळ असो, फणस असो, शहाळं असो, नाहीतर नवी बांधलेली भिंत असो, मास्तरांच्या लेखी ते बोलणारच होतं; आपण गप्प बसायचा काय तो अवकाश. एकदा माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्यांच्या तुळतुळीत टकलाकडे ते बराच वेळ टक लावून बघत होते. त्यांचं बोट मुडपलेलं पाहून मीच घाईघाईने पानाचं तबक मध्ये सरकवलं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, ज्याचं नाव विसरलं तरी हाताची एक लकब विसरत नाही. मास्तरांचं नाव मी सांगत नाही. रत्नागिरीत त्यांना नावाने हाक मारणारं तेव्हाही कुणी नव्हतं. ते तारमास्तर आणि त्यांची बायको आमची वहिनी. सन पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला मी त्यांच्या हाताखाली तार शिकलो, आणि पुढे त्यांचा शेजारीही झालो, म्हणून हे सगळं मला बघायला मिळालं.

तार म्हणजे तेव्हा नुसता कट्ट-कडकट्ट आवाज. आम्ही उमेदवार मंडळी जीभ दाताखाली धरून त्यातून एकेक अक्षर वेचायचो. मास्तर मात्र अडकित्त्याने सुपारी कातरत खिडकीबाहेर बघत बसलेले असायचे. यंत्र थांबलं की सुपारी तोंडात टाकायची आणि सगळा मजकूर एका दमात लिहून काढायचा. मुंबईला गिरणीत गेलेल्या माणसांच्या तारा यायच्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा वाईट बातमीच्या असायच्या. तशी तार लिहायची वेळ आली की मास्तर आधी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवायचे. शिपाई ती टोपी बघूनच काय ते समजायचा.

पेन्शनीत निघाल्यावर मास्तरांनी सड्याच्या उघड्या माळाच्या कडेला, माझ्या घराला लागून, लहानसं कौलारू घर बांधलं. पुढे मोकळं अंगण, पलीकडे उतार, आणि उताराच्या शेवटी समुद्र. दुपारच्या वेळी त्या अंगणात बसलं की वाऱ्याने डोळे आपोआप मिटायचे. समुद्र दिसतोय की आपण तो आठवतोय, असा प्रश्न पडावा इतकी तिथे शांतता. मला अजून ती जागा आठवते ती अशीच, अर्धवट झोपेतल्यासारखी. पण एक गोष्ट मात्र अगदी जागेपणीची होती. अंगणात माती होती वीतभर, आणि तिच्या खाली सगळा जांभ्याचा कातळ.

आणि वहिनींना दारात सुरंगीचं झाड हवं होतं.

वहिनींचं माहेर नाटे गावचं. तिथे त्यांच्या आगरात, घरामागच्या वाडीत, एक जुनी सुरंगी होती. फाल्गुनात तिच्या फांद्यांना कळ्या अशा चिकटायच्या की साल दिसायची नाही. सूर्य वर यायच्या आत झाडाखाली कापड पसरायचं, कळ्या उघडायच्या आत काढायच्या आणि बसून केसांत माळायचे वळेसर करायचे. तो वळेसर सुकला तरी वास सोडत नाही. लग्नानंतर मास्तरांच्या बदल्या झाल्या, गावोगावची भाड्याची घरं झाली. भाड्याच्या घरात झाड कोण लावतो? वहिनींनी सुरंगीचं नाव म्हणे एकदाच काढलं होतं, पहिल्या बिऱ्हाडात. मास्तर म्हणाले होते, "आपलं दार झालं की लावू." वहिनी मुळात फार हळू बोलायच्या, इतक्या की त्यांचं मांजरसुद्धा काही सांगितलं तर उठून जवळ जायचं. अशा बाईने एकदाच मागितलेली गोष्ट मास्तरांच्या मनात घर करून बसली होती.

सुरंगीचं मूळ खोल जातं. वीतभर मातीत ती जगायची नाही. कातळात कुठे तरी फट असते, मातीने भरलेला खळगा असतो. तो सापडला तरच झाड. सुरुंग लावून कातळ फोडा, असं कुणी तरी सुचवलं, पण शेजारी माझी विहीर. कातळाला तडा गेला तर तिचं पाणी कुठे पळेल याचा नेम नाही. तेव्हा खळगा शोधायचा तो ठोकून, आवाजावरून. मास्तरांना ते काम आपल्यासाठीच राखून ठेवल्यासारखं वाटलं. पण दैवाची चेष्टा बघा, त्याच सुमाराला त्यांचे कान दगा द्यायला लागले होते. हे त्यांना ठाऊक होतं आणि वहिनींना. आळीला पत्ता नव्हता.

खणायची हत्यारं घ्यायला मास्तर निघाले तो दिवस मी विसरणार नाही. मला बरोबर नेलं होतं. लोहाराच्या भात्यापुढे ते असे बसले की आता पंक्ती उठेपर्यंत हलायचं नाही. लोहाराने एक कुदळ पुढे केली. मास्तरांनी ती दोरीला टांगायला लावली, पेराने ठोकली, डोळे मिटले.

"हिला कुठे तरी चीर आहे. दुसरी."

दुसरी आली, तिसरी आली. लोहार कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मास्तरानु, कुदल घेताय का पोरगी बगायला आलाय?"

"पोरगी एकदाच बघायला गेलो होतो," मास्तर म्हणाले, "तिथेही ऐकूनच होकार दिला. मुलगी बाहेर यायच्या आधी आतून आवाज आला, 'पोह्यांत मीठ कमी आहे का बघ.' म्हटलं, पुरे. आता बाहेर नाही आली तरी चालेल."

लोहार इतका हसला की भाता ओढायचा राहून गेला.

हत्यारांविषयी मास्तरांची मतं ठाम होती. पुळणीच्या वाळूत फावडं, खलाटीच्या भातशेतातल्या मऊ मातीत कुदळ, मुरमात टिकाव आणि कातळावर पहार. एकाचं काम दुसऱ्याला सांगितलं की दोघांचाही अपमान होतो, असं ते म्हणायचे. "फावडं म्हणजे हापिसातला शिपाई. इथलं उचलायचं, तिथे टाकायचं. त्याला विचार करायला लावू नये. विचार कुदळीने करायचा." खुरपं मात्र त्यांनी स्वतः निवडलं नाही. चार खुरपी घरी नेली, वहिनींच्या हातात एकेक देऊन बघितली आणि तीन परत केली. बाग शेवटी घरातली बाईच बघते, पुरुष नुसता खड्डा खणून मिरवतो, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं आहे असं मला आजवर आढळलेलं नाही.

दांड्यावरून तर कहर झाला. दांडा धामणीच्या लाकडाचा हवा, कारण धामण लवते पण मोडत नाही. आणि लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं हवं, म्हणजे किडा लागत नाही. लोहाराकडे दांडे होते, पण ते कधी तोडले ते त्याला सांगता येईना. "चांदण्यात तोडलं असेल तर?" मास्तरांनी विचारलं. लोहार म्हणाला, "चांदण्यात आमी झोपतो, मास्तरानु." तरीही मास्तर अवस होईपर्यंत थांबले. कुदळ त्यांच्या पडवीत बिनदांड्याची पडून राहिली.

खंडेनवमीला मात्र सगळी हत्यारं पाटावर ओळीने मांडलेली होती. ऑफिसात असताना आम्ही तारेच्या यंत्राला झेंडू वाहायचो. त्या वर्षी तो मान पहारीला मिळाला. मास्तरांनी प्रत्येक हत्याराला गंध लावलं, आणि लावता लावता पहारीला हळूच ठोकून बघितलं. वहिनींनी डोळे मोठे केले. "आज तरी निजू दे हो तिला," त्या पुटपुटल्या.

मग सुरू झाले ते हिवाळ्याचे दिवस. सकाळी धुकं उतारावरून वर सरकत यायचं आणि त्यात मास्तर दिसायचे नाहीत, नुसती पहार ऐकू यायची. टण्ण. थोडी थांबून पुन्हा टण्ण. त्यांनी मला तीन आवाज शिकवले होते. "टण्ण म्हणजे कातळ, पुढे चला. ठप्प म्हणजे माती, बसा. आणि घुम्म असं लांबत गेलं तर खाली पोकळी, तिथून पळा." मी ऑफिसला जायच्या गडबडीत असायचो, पण त्या आवाजांनी आमची सकाळ बांधलेली असायची. कुणी त्यावर चहा ठेवायचं, कुणी पोरांना उठवायचं. अंगणभर ठोकून झालं आणि एके दिवशी मी संध्याकाळी घरी येतो तो मास्तर कुंपणाशी उभे. चेहरा असा, की घरात पाळणा हलला असावा.

"ठप्प," ते म्हणाले. "ईशान्येच्या कोपऱ्यात. स्वच्छ ठप्प."

टिकावाने खणता खणता उन्हाळा गेला. खाली खरंच मऊ मुरूम लागला. गड्यांनी खलाटीतून माती आणून टाकली, शेणखत पडलं, आणि पावसाळ्यात वहिनींच्या भावाने नाट्याहून सुरंगीचं रोप आणून दिलं. वहिनी दिवसातून किती वेळा त्या कोपऱ्यात जाऊन यायच्या याला गणती नव्हती. मास्तर पडवीत बसून ते बघायचे आणि बघत नसल्यासारखं दाखवायचे.

श्रावणात एकदा रात्रभर झड लागली. सकाळी उठून बघतो तो कोपऱ्यात रोप नाही. रोप नाही, माती नाही, भोवतीचं काट्याचं कुंपणही नाही. होतं ते एक काळं बीळ, आणि आत खोल कुठे तरी पाणी धो धो वाहत होतं. खाली पोकळी होती. कातळाने सगळं गिळलं होतं. आळी जमली. कुणी तरी म्हणालं, "मास्तरांनी पाताळात बाग केलीन!" लोक हसले. मास्तर छत्री धरून काठाशी उभे होते.

जरा वेळाने ते माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "खाली पाणी वाजतंय का हो?"

ते पाणी रस्त्यावर ऐकू येत होतं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली. "वाटलंच. म्हणजे घुम्म होतं ते. लांबत जाणाऱ्या आवाजाची शेपटी हल्ली मला सापडत नाही." तेव्हा मला कळलं. ज्या माणसाने आम्हाला कान दिले त्याला ते पाणी ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर हत्यारं पडवीच्या माळ्यावर गेली. मास्तर फार बोलायला लागले. पूर्वीचा अबोल माणूस दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून हवापाण्यापासून चिपळूणच्या पुरापर्यंत सगळं सांगायचा. लोकांना वाटलं, पेन्शनीत जीभ सुटली. खरी गोष्ट अशी, की स्वतः बोलत राहिलं म्हणजे समोरच्याला काही विचारायला सवड मिळत नाही. अंगणाकडे मात्र ते पाठ करून बसायचे. सुरंगीचं नाव घरात निघत नव्हतं. झाड गेल्याचं दुःख एक, पण दिलेला शब्द आता कधीच पुरा होणार नाही, हे त्यांना खात होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एकदा वहिनी माझ्या दारात आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हातात ती जड पहार.

"भाऊजी, लोहाराकडे येता का बरोबर?"

बायकामाणसाने पहार हातात घेऊन लोहाराकडे जायचं, हे आमच्या आळीत तोवर घडलेलं नव्हतं. माजघराच्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. वहिनी खाली बघत चालल्या होत्या, पण पाऊल मागे घेत नव्हत्या. भात्याच्या घरघरीत त्यांचं बोलणं लोहाराला ऐकू जाईना. त्याने कानामागे हात धरला. वहिनींनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि मग जन्मात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"हिच्यावरून हाताला कळलं पाहिजे!"

"काय कलायला पायजे, वयनी?"

"खाली काय आहे ते! कानाला नको, हाताला!"

मी चाट पडलो. मग त्यांनी समजावून सांगितलं. मास्तर हल्ली घड्याळावर तळहात ठेवून ते चालू आहे का बघतात. दार वाजलं ते उंबऱ्यावर पाय असला तर त्यांना कळतं. कान गेले तरी हात अजून ऐकतो. मग हाताला ऐकवील असं हत्यार नको का? लोहार पहार उलटीसुलटी करत विचारात पडला. "ही जड हाय. ही हाताला बधिर करनार. मी बारीक सलई करतो, लांब, टोकाला पोलाद. वर धामनीची मूठ. पन वयनी, ती मारायची नाय. नुसती सोडायची आनि हात सैल ठेवायचा." मग तो जरा थांबून म्हणाला, "मुठीचं लाकूड अवसेचंच घेतो. मास्तर इचारतील."

मास्तरांनी ती सळई हातात घेतली, तोलली, आणि तडक अंगणात उतरले. कुणी केली, का केली, विचारलं नाही. वहिनीही त्यांच्यामागे जाऊन उकिडव्या बसल्या आणि कान जमिनीला लावला. मास्तर डोळे मिटून सळई सोडायचे आणि हाताला काय लागलं ते सांगायचे. वहिनी कानाला काय आलं ते सांगायच्या. दोघांचं जुळलं तर तिथे रांगोळीचा ठिपका. पण जुळायचं कुठलं!

"झिणझिण्या नाहीत. माती आहे," मास्तर म्हणायचे.

"घुमतंय."

"आं?"

"घुमतंय हो! घुम-तंय!"

"घुमत नाही. माझा हात खोटं सांगत नाही."

"तुमच्या हाताने एक रोप गिळलंन ना गेल्या साली!"

"तो कान होता. हात तेव्हा चाकरीत नव्हता."

जमिनीवरून भांडणं कोकणात काही नवी नाहीत, पण नवराबायकोने अंगणात बसून जमिनीच्या पोटातल्या आवाजावरून भांडावं, ही तऱ्हा सगळ्यांना नवी होती. आळी कान देऊन ऐकायची. ज्या बाईचा शब्द उंबऱ्याबाहेर कधी आला नव्हता, तिचं "घुमतंय हो" आता विहिरीपलीकडे ऐकू यायचं. मला तर त्या भांडणाची सवय लागली. कोवळं ऊन, ओल्या मातीचा वास, ते दोघं गुडघ्यांवर बसलेले, आणि अंगणभर रांगोळीचे तुरळक ठिपके. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुठल्या तरी सणाची तयारी चालली आहे.

शेवटी जागा मिळाली ती भलतीच. पायऱ्या आणि फाटक यांच्या बरोबर मधोमध, जायच्या-यायच्या वाटेवर. तिथे दोघांचं एकदम जुळलं. भटजींनी सांगितलं, दारासमोर झाड म्हणजे दोष, घराला बरं नाही. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून प्रसन्न मान हलवली, "हो, हो, अगदी बरोबर," म्हणाले आणि खणत राहिले. बहिरेपणाचा मुद्दाम फायदा घेतला तो त्यांनी एवढाच.

वरची माती कुदळीने काढली. मुरमाला टिकाव घेतला. मग कातळाची फट दिसली, लाल मातीने गच्च भरलेली, आणि तिथे मास्तरांनी सगळी मोठी हत्यारं बाजूला ठेवून वहिनींचं खुरपं मागून घेतलं. दुपारभर ते त्या फटीत चमचाचमचा माती उकरत होते. शेवटी कोपरापर्यंत हात आत घातला. "गार आहे," ते म्हणाले. "अगं, खाली गार आहे. हात घालून बघ." वहिनींनीही हात घातला. दोघांचे हात त्या भोकात, आणि दोघंही हसत होती. मी कुंपणावरून बघत होतो तो आत निघून गेलो. काही गोष्टी शेजाऱ्याने बघू नयेत.

नाट्याहून दुसरं रोप आलं, लागलं आणि जगलं. पण सुरंगीला कसली घाई नसते. वर्षं गेली, झाड कमरेएवढं, मग खांद्याएवढं, मग कौलांएवढं झालं. मास्तरांकडे जाणारा प्रत्येक जण त्याला वळसा घालून जायचा. गडद हिरवी पानं, खाली सावली, फूल मात्र नाही. दर फाल्गुनात मास्तर फांद्यांवरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "यंदा नाही." त्यांना आता काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं.

मी कधी संध्याकाळी जाऊन त्या सावलीत त्यांच्याजवळ बसायचो. बोलणार काय? एकदा मनात आलं म्हणून त्यांच्या मनगटावर बोटाने तारेची अक्षरं वाजवली. ते दचकले, माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. सगळा मजकूर संपल्यावर डोळे पुसून म्हणाले, "दोन शब्दांत जागा सोडत नाही तुम्ही. तेव्हाही सोडत नव्हता." पुढे आमच्या गप्पा तशाच चालायच्या. समुद्रावर ऊन उतरायचं, गलबतं शिडं मिटून बंदराकडे सरकायची, आणि मी त्या म्हाताऱ्या मनगटावर दिवसभराच्या बातम्या वाजवत बसायचो. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यात नसत्या तर मी गरीब राहिलो असतो.

वहिनी मात्र मोठ्यानेच बोलायच्या. जेवायला चला, पाणी तापलं, मांजराने दूध सांडलं, सगळं काही आळीला कळेल असं. मी एकदा विचारलं, "वहिनी, त्यांना ऐकू येत नाही, मग एवढ्या मोठ्याने कशाला?"

"तोंडाकडे बघतात ना ते," त्या म्हणाल्या. "हळू बोलले तर माझं तोंडच उघडत नाही नीट. मोठ्याने बोललं की शब्द दिसतो."

ही गोष्ट मी मास्तरांच्या मनगटावर वाजवली. ते घराच्या दाराकडे बघून हसले. मग म्हणाले, "ओरडते का ती? मला नाही तसं वाटत. ती बोलायला लागली की मी तिचा पूर्वीचा आवाज लावतो. मला तर हळूच ऐकू येतं."

एका भाद्रपदात, चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, मास्तर गेले. झाडाला वळसा घालून त्यांना न्यावं लागलं. वहिनी रडल्या नाहीत. दाराशी बसून राहिल्या. त्यानंतर त्या घरातून आवाज असा येईनासा झाला. सकाळी जाग यायची ती कावळ्यांनी, आणि आधी काही तरी राहून गेलंय असं वाटायचं.

आणि त्याच फाल्गुनात सुरंगी फुलली. नुसती फुलली नाही, फांदीफांदीला कळ्यांचे झुबके आले. त्या वर्षी आमच्या आळीतल्या झाडून साऱ्या लेकीसुनांच्या डोक्यात वळेसर होते, वहिनींनी स्वतः बसून ओवलेले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यात फूल जायचं नव्हतं. तो काळ तसा होता. मला त्या काळाचा अजून राग येतो. ज्या बाईसाठी एका माणसाने कातळ चाचपून काढला, तिने ती फुलं परडीत भरून दुसऱ्यांच्या दारी पोचवायची.

पण ती सकाळ मला आठवते ती त्या वळेसरांच्या आधीची. पुरतं उजाडलं नव्हतं. मी विहिरीवर होतो. समुद्राकडून गार वारा येत होता, आणि त्यात एक वास होता, गोड आणि दाट. मी पोहरा हातात धरून तसाच उभा राहिलो. तेवढ्यात वहिनींचा आवाज आला, इतक्या महिन्यांनी, आळीच्या टोकापर्यंत पोचेल असा.

"अहो! आली! सुरंगी आली हो!"

दारं उघडली. जो तो होता तिथेच उभा राहिला. वहिनी झाडाखाली उभ्या होत्या, तोंड घराच्या दाराकडे केलेलं, हातात कळ्यांची एक डहाळी उंच धरलेली. एकेक अक्षर नीट दिसावं म्हणून त्या तोंड मोठं उघडत होत्या. क्षणभर थांबून त्यांनी पडवीकडे निरखून बघितलं, आणि मग आणखी मोठ्याने तीच हाक पुन्हा मारली.